हाम सरांची दुसरी परकी भाषा

हाम सरांना काही वाटेनासं झालं ते नेमकं कधीपासून, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यांचा जर्मनचा विषय शाळेतून बंद झाला त्या दिवशी तरी वाटायला हवं होतं की नाही? मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावलं, जवाचा चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, इंग्रजीशिवाय एक परकी भाषा सक्तीचीच राहणार आहे हो. फक्त कुठली ते आता पोरं ठरवणार. आणि पोरांनी ठरवलंय."

पोरांनी जपानी ठरवली होती. झाडून सगळ्यांनी. हाम सर "बरं" म्हणाले, चहा संपवला, कप विसळून जागेवर ठेवला आणि पुढचा तास घ्यायला गेले.

दक्षिण कोरियातल्या मोक्पो गावच्या त्या मुलांच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं जर्मन शिकवली. जर्मनीला काही कधी गेले नाहीत. लग्न करायचंही राहून गेलं. पण गावात मान होता. मासळीबाजारातला लिलाववाला असो की दातांचा डॉक्टर, जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला की कमरेत वाकायचा आणि तिथंच "देर, देस, देम, देन" हा विभक्तीचा पाढा म्हणून दाखवायचा. त्यापुढची जर्मन कुणाला म्हणजे कुणालाच आठवत नव्हती. तेवढी मात्र झोपेतून उठवलं तरी यायची. आता ही काय कमाई झाली, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. सगळ्या गावाच्या तोंडात तुमचा एक सूर राहतो, हे किती मास्तरांच्या नशिबी येतं?

फ्रेंचच्या ग्वाक सरांचीही तीच गत झाली होती. ते म्हणाले, "मी शिवण-स्वयंपाक घेतलाय बुवा. पन्नाशीचा बाप्या पोरांना बटण लावायला शिकवणार. तुम्ही?"

"जपानी."

"मग सुटलात! आईंना येतच असेल की घरात."

हाम सर खडू उचलून तासाला गेले.

सरकारचा हिशेब सरळ होता. दोन सुट्ट्या ग्वांगजू शहराला जाऊन जपानीचं प्रशिक्षण घ्यायचं आणि शेवटी निरीक्षकासमोर एक पाठ. पास झालं की त्याच शाळेत त्याच खुर्चीत. नापास झालं की हुक्सान बेटावरची शाळा. तिथं जे शिकवायला कुणी नसेल ते शिकवायचं. हुक्सान म्हणजे जहाजाचा प्रवास, आणि लाटा उसळल्या की जहाजही बंद. आई सत्तरीला टेकलेली. तिचे गुडघे गेलेले, आणि जहाजात पाय ठेवला की आतडी पिळवटून निघायची. ती काही बेटावर येणार नव्हती. म्हणजे पाठ चुकला की आई एकटी. हाम सरांना तेवढं कळत होतं, आणि तेवढ्यासाठीच ते त्या वयात विशीतल्या पोरीकडून अक्षरं गिरवायला शिकले. लाज नाही वाटली. म्हटलं ना, काहीच वाटत नव्हतं.

आईला जपानी येते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तिच्या शाळेच्या वेळी राज्य जपान्यांचं, भाषाही त्यांचीच. शाळेच्या आवारात घरची भाषा तोंडातून निघाली की मार. राज्य गेल्यावर आईनं त्या भाषेतला एक शब्द कधी उच्चारला नाही. हाम सरांनी पहिल्यांदा जपानीचं पुस्तक घरी आणलं, तेव्हा तिनं ते जमिनीवरून उचललं, पुसलं आणि उंच फळीवर ठेवलं. "असं खाली टाकू नये. पाय लागेल," म्हणाली, आणि मुळ्याच्या किमचीचं लोणचं कालवायला गेली.

प्रशिक्षणातल्या त्या विशीतल्या बाई हाम सरांना एकच सांगायच्या, "उच्चार ठीक आहेत हो, पण आज्ञा देताना जरब कुठंय? तुम्ही उभं राहा म्हणता की चहा घेणार का विचारता?"

म्हणून पाठाच्या आदल्या रविवारी दुपारी त्यांनी घरातच सराव मांडला. आई पलीकडे वर्तमानपत्र पसरून लसूण सोलत बसली होती. हाम सर भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "किरित्सु." म्हणजे उभे राहा. कधी सूर पातळ लागायचा, कधी घसा बसायचा. आणि मग एकदा, कुठून कोण जाणे, पोटातून आवाज आला. बाईंना हवा होता बरोबर तोच.

"किरित्सु!"

मागे काहीतरी सांडलं. वळून बघतात तर आई उभी. एरवी उठायला भिंत धरावी लागायची, ती बाई कशालाही न धरता ताठ उभी होती. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोरच्या कॅलेंडरवर. सोललेला लसूण पायाशी विखुरला होता.

"आई? अगं, मी आपला सराव करतोय. बस ना."

आई हलली नाही.

"अगं बस की!"

"बघतोस काय," आई नजर न हलवता म्हणाली. "बस म्हण."

"म्हणतोच आहे ना!"

"असं नव्हे. त्यांच्या भाषेत. ते म्हटल्याशिवाय बसायचं नसतं."

हाम सरांना आधी वाटलं, चेष्टा करतेय. तिचा चेहरा बघितला, आणि तसं वाटेना. "चाकुसेकि," ते पुटपुटले.

"मोठ्यानं."

ते मोठ्यानं म्हणाले. मग आई बसली. बसताना कण्हली, गुडघे चोळले आणि पाकळ्या वेचायला लागली. "आवाज छान लागला हो तुझा," म्हणाली. "अगदी आमच्या मास्तरसारखा."

हाम सरही खाली बसले, तिच्याबरोबर वेचायला लागले.

"धाकटी बहीण शेजारच्या बाकावर रडत होती," आई म्हणाली. "मी आपल्या भाषेत विचारलं, शू लागली का गं? एवढंच. मास्तर म्हणाला, उभी राहा. शाळा सुटली, सगळी घरी गेली. अंधार पडल्यावर शिपायानं मला हाकललं."

"आणि मास्तर?"

"तो बस म्हणालाच नाही. अजून म्हणालेला नाही. ते ताट दे इकडे."

पाठाच्या दिवशी वर्गात मागच्या भिंतीशी निरीक्षक वही मांडून बसला होता. हाम सर आत गेले आणि साध्या, रोजच्या आवाजात म्हणाले, "किरित्सु." पोरं उठली. उठली म्हणजे कशी? एकाला चप्पल सापडेना. एक निम्मा उठला आणि निम्मा बाकावरच राहिला. एक जण कानापर्यंत जांभई देत होता, मागचे दोघे एकमेकांना कोपरानं ढोसत खिदळत होते. हाम सर बघतच राहिले. आईसारखं एकही पोर उभं नव्हतं.

"सर," मागून निरीक्षक म्हणाला, "फार ढिलं चाललंय. बसवा, आणि पुन्हा उभं करा. जरबेनं."

आवाज पोटात तयार होता. काढला असता तर निघाला असता, आणि मार्कही मिळाले असते. हाम सरांना त्या क्षणी संताप आला. इतका की कान तापले. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे.

"चाकुसेकि," ते हळूच म्हणाले. पोरं धबाधब बसली. "पुस्तकं काढा."

"सर, मी काय म्हणालो?"

"ऐकलं मी, साहेब. बसू दे त्यांना."

उरलेला तास उत्तम झाला. स्टेशन कुठे आहे, तिकीट केवढ्याला, सगळं पोरांनी चटाचटा सांगितलं. निकालाच्या कागदावर एकच शेरा होता, वर्गावर पकड नाही. हाम सर तो खिशात घालून घरी आले आणि बूट काढता काढताच म्हणाले, "आई, नापास झालो. मार्चपासून हुक्सान."

आईच्या हातातला पळा भांड्यात पडला. "काय? बावीस वर्षं मास्तरकी केलीस आणि पोरांना उभं करता आलं नाही तुला? आता माझं काय, मी काय भिंतींशी बोलू?"

"उभं केलं गं. पुन्हा उभं करा म्हणाले, ते नाही केलं."

आईनं पळा भांड्यातून काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "कशी उभी राहिली पोरं?"

"आळशासारखी. एकाची चप्पलच हरवली. एक जांभई देत होता."

"मास्तरसमोर?"

"माझ्या तोंडावर."

"आणि बाकीचे?"

"हसत होते. ढकलाढकली करत होते."

"हसत होते," आई म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून हाम सर पुढे झाले, तर ती हसत होती. श्वास लागेपर्यंत हसली, डोळ्यांतून पाणी आलं, ते बाहीनं पुसलं आणि पुन्हा हसली. हाम सर तिच्याजवळ बसले. त्यांना आता सगळंच वाटायला लागलं होतं. जर्मन, ग्वाक सर, जहाज, आईचे गुडघे, सगळं एकदम. त्यांना रडू आवरेना.

आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जा," म्हणाली. "शनिवारी जहाज असेल तर ये. नसलं तर नको जिवावर उदार होऊस. मी बसलेय इथं."