धाधरकाठचा लाल ठिपका

भुताखेतांवर, शकुन-अपशकुनांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात कुणी "मांजर आडवं गेलं" म्हटलं, की बाबा विचारायचे, "मग मांजराला काही झालं का?" अशा घरात वाढलेय मी. तेव्हा हे वाचून मला अंधश्रद्धाळू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... पण आधी पुरतं वाचा.

गोष्ट बडोद्याची, नव्वदच्या दशकातली. मी पुरातत्त्वात पीएच.डी. करत होते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांतून जुन्या वस्त्यांची टेकाडं कॉम्प्युटरनेच हुडकून काढायची, हा माझा विषय. अशा टेकाडाची माती राखेमुळे आसपासच्या शेतांपेक्षा फिकी दिसते. तेवढा फरक हेरून प्रोग्रॅमने स्क्रीनवर लाल ठिपका द्यायचा. प्रोग्रॅम लिहायला माझी मैत्रीण हेतल होती.

माझे गाइड चिटणीस सर. उभी हयात पायी हिंडून टेकाडं शोधलेला माणूस! कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागतं, याचाही त्यांना राग. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "वैजयंतीबाई, दसरा झाला की जीप काढू. तुमच्या यंत्राने एक तरी नवं टेकाड दाखवलं तर ठीक. नाहीतर विषय बदला."

म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मला रडू यायचं बाकी होतं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मशीन सुरू केलं, प्रोग्रॅम चालवला. एकेका ठिपक्यावर कर्सर नेऊन ती जागा नकाशावर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सर, हेतल आणि मी बडोद्यातल्या मांजलपूरहून निघालो.

धाधर नदीच्या काठाने पहिला ठिपका गाठला — वीटभट्टी. दुसरा — आटलेलं तळं. पुढे पुन्हा वीटभट्ट्याच! सर खुशीत गुणगुणायला लागले. हेतल माझ्या कानाशी लागली, "वैजूबेन, आपणी तो वाट लागी गई."

शेवटची जागा वेड्या बाभळीच्या दाट रानात निघाली. सर जीपमधून उतरेनात. "इथून मी कितीदा गेलोय. काही नाही इथे."

माझं डोकं फिरलं. "रस्त्यावरून गेलात, सर. आत गेलात का?"

सर ताडकन उतरले आणि काठीने फांद्या बाजूला सारत आत घुसले. जरा वेळाने आतून हाक आली, "वैजयंती! अगं, इकडे ये आधी!"

पाय ठेवावा तिथे खापरं! तांबडी, रंगवलेली. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. पायाखाली राखेची भुसभुशीत माती. कुणीही न नोंदलेलं, अख्खं टेकाड! काटे टोचत होते तरी मी नाचले, अक्षरशः नाचले. सरांनी टोपी काढून मला हात जोडले. परतताना लहरीपुऱ्यात आम्हाला सेवउसळ खाऊ घातली आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "हिच्या कॉम्प्युटरने शोधलं, बरं का!"

दुसऱ्या दिवशी अहवालासाठी प्रिंट काढली. सगळे ठिपके आले... नेमका तोच नाही. स्क्रीनवर मात्र होता. हेतलने ओढणीचं टोक काचेवर फिरवलं, आणि त्या टोकाकडे बघतच राहिली.

"वैजूबेन... आ तो कंकु छे!"

दसऱ्याला खात्यात मशीनची पूजा झाली होती. काचेवर कुंकू कुणी लावलं, ते आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं; आमचं सगळं लक्ष फाफडा-जलेबीत. हेतल म्हणाली, "सरने ना कहेती." पण मला राहवेना. तशीच उठून सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. हातात आलेलं जातंय, हे कळत होतं.

 सर स्वतःच्या अनामिकेकडे बघत म्हणाले, "ते मी लावलं. पण मशीन बंद होतं गं. नुसती काळी काच होती."

"मग... माझा विषय?"

"टेकाड खरं आहे ना? मग बदलायचा कशाला! बाभळीखालचं टेकाड कसं दिसतं, ते शिकव आता तुझ्या मशीनला."

शिकवलं! त्या टेकाडाचा नमुना दिल्यावर पुढच्या हिवाळ्यात प्रोग्रॅमने झाडीखालची आणखी दोन टेकाडं दाखवली — प्रिंटवर स्वच्छ उमटलेली. तरी मी ते ठिपके नखाने खरवडून पाहिलेच.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं पहिलंच टेकाड विचारलं, "हे कसं सापडलं?" मी कुंकवासकट सगळं सांगितलं. सगळे हसले. चिटणीस सर तेवढे हसले नाहीत. उठून म्हणाले, "कसं ते मलाही सांगता येणार नाही. पण मी त्याच्यावर उभा राहून आलोय."

लोक म्हणतात, योगायोग. असेलही. पण एवढ्या मोठ्या मुलखात, बंद काचेवर, बरोबर तिथेच? जुना प्रोग्रॅम त्याच चित्रावर मी नंतर कितीदा तरी चालवला. तो तिथे ठिपका देतच नाही. मला हे कोडं आजवर सुटलेलं नाही. नावाआधीचं 'डॉक्टर' मात्र मी त्या ठिपक्याच्या जिवावर अगदी ताठ मानेने मिरवते.