धसकाबाईंचे शुक्रवार

शाळेच्या ऑफिसातून फोन आला की पालकांच्या काळजात धस्स व्हायचं, आणि फोन करणाऱ्या बाई वर्षानुवर्षं एकच, म्हणून पालकांनी त्यांचं नाव धसकाबाई ठेवलं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? आवाज भरदार, खर्जातला, आणि नमनाला घडाभर तेल घालायची सवय नाही. "शाळेतून बोलतेय. ताप आहे. घेऊन जा." "शाळेतून बोलतेय. दात पडलाय. त्याचा नव्हे, त्यानं दुसऱ्याचा पाडलाय. या." की ठेवला फोन.

खरं तर बाई मनानं लोण्याचा गोळा. खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालून औषध लावावं ते त्यांनीच. हरवलेले डबे, एकेकटे मोजे आणि स्वेटर त्या खिडकीखालच्या कपाटात वर्षभर जपून ठेवत. पण फोनमधून लोणी पलीकडे जात नाही, आवाज तेवढा जातो.

यंदा शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उत्साह असा की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. आल्या आल्या त्यांनी जाहीर करून टाकलं, "वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तक धाडायचं, त्यात आकडे आणि खाली 'आणखी प्रयत्न हवेत', ही काय मुलाची प्रगती कळवायची रीत झाली? दर शुक्रवारी आपण काही मुलांच्या घरी फोन करायचे. मुलानं आठवड्यात जे बरं केलं ते सांगायचं. तक्रार एकही नाही." मुलांचं बरं शिक्षकांनी सांगायचं. आणि फोन? फोन अर्थातच ऑफिसातून जायचे, म्हणजे धसकाबाईंनी करायचे.

बाईंना आधी हे नवं खूळच वाटलं. पण शुक्रवारी एकेक शिक्षक खिडकीशी येऊन सांगू लागले, कुणाला भागाकार जमला, कुणी नव्या मुलीला आपल्या बाकावर बसवून घेतलं, कुणी वर्षात पहिल्यांदा वर्गात तोंड उघडलं, आणि बाईंच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. इतकी वर्षं शाळेत काढली, पण हे कधी त्यांच्यापर्यंत आलंच नव्हतं. ऑफिसात यायचं ते रक्त, ताप नाहीतर भांडण. कधी एकदा फोन लावते असं त्यांना होऊन गेलं.

पहिला फोन बेकरीवाल्याला. "शाळेतून बोलतेय..." एवढं झालं नाही तोच तो "आलोच!" म्हणाला. बाईंचा चहा निवायच्या आत पिठानं माखलेला, एकाच पायात चप्पल असलेला बेकरीवाला दारात हजर. "कुठाय? कुठल्या हॉस्पिटलात नेलंय?"

"वर्गात आहे," बाई म्हणाल्या. "भागाकार यायला लागला त्याला."

बेकरीवाल्यानं भिंतीला पाठ टेकली. "भागाकार? अहो, भागाकारासाठी मी पेटती भट्टी सोडून आलो! आतापर्यंत सगळे पाव कोळसा झाले असतील!"

दुसरा फोन कपडे शिवणाऱ्या एका आईला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. "बाई, चुकलं," तिनं सुरुवातच केली. "तो प्रोजेक्टचा ज्वालामुखी मीच केला. लेकीनं फक्त रंग दिला. वरचा धूरसुद्धा माझ्याच गादीतला कापूस." कुठला ज्वालामुखी, बाईंना काही पत्ता नव्हता. तिसरा फोन एका आजोबांनी उचलला, "राँग नंबर" म्हणाले, आणि फोन नीट बंद व्हायच्या आधी पलीकडून ऐकू आलं, "अगं, शाळेचा आहे! पुन्हा वाजला तर तूसुद्धा घरी नाहीस!"

सोमवारी सकाळी ऑफिसासमोर हीऽ गर्दी. धसकाबाई फोन करून चांगलं बोलायला लागल्या, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर झालंय आणि शाळा ते लपवतेय, अशी कुजबुज गल्लीगल्लीत पोचली होती. गर्दी पांगवता पांगवता मोठ्या बाईंनी हात टेकले. "असं करू या," त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून लायब्ररीतल्या ताई फोन करतील. आवाज मऊ आहे त्यांचा."

बाईंचा चेहरा खाडकन उतरला. आजवरच्या वाईट बातम्या सगळ्या माझ्या, आणि आता कुठे चार चांगल्या आल्या तर त्या ताईच्या? हा कुठला न्याय? त्यांना रडू यायचं बाकी होतं. "मला अजून एक शुक्रवार द्या," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर खुशाल काढून घ्या." मोठ्या बाई कबूल झाल्या. शाळेचा नंबर बघूनच लोकांची पाचावर धारण बसते, म्हणून त्यांनी एक नवा मोबाइलही आणून दिला.

घरी सराव सुरू झाला. बाई स्वयंपाकघरातून फोन लावायच्या आणि त्यांचा नवरा, निवृत्त बस कंडक्टर, बाहेरच्या खोलीत पालक होऊन तो उचलायचा. सून दोघांच्या मध्ये उभी राहून शिकवायची, "आई, हसून बोला. गोड. अजून गोड."

"नमस्काऽर..." बाईंनी सूर लावला.

"अगं, बंद कर," नवरा तिकडून ओरडला. "लग्न ठरलं तेव्हासुद्धा तू माझ्याशी असं बोलली नव्हतीस. भीती वाटतेय मला!" सून हसता हसता जमिनीवर बसली. बाईही हसल्या, पण आठवडाभर आरशासमोर नमस्काऽर घालत राहिल्या.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई खुर्ची ओढून समोरच बसल्या. लायब्ररीतल्या ताई दारात उभ्या, लागलंच तर म्हणून.

"नमस्काऽर! तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे..."

"आम्हाला कर्ज नकोय!" फोन बंद.

दुसरीकडे तर एक बाई कडाडल्या, "लॉटरी लागली म्हणून मागच्या महिन्यातही फोन आला होता. पोलिसात देईन हं!" मोठ्या बाईंनी ओठ दाबून खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

उरला शेवटचा फोन, गॅरेजवाल्या मामांचा. भाची अगदी लहानपणापासून त्यांच्याकडेच. पोरगी भलतीच भांडखोर, त्यामुळे बाईंनी या माणसाला केले तितके फोन शाळेत दुसऱ्या कुणाला केले नसतील. पलीकडे पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

"नमस्काऽर, मी शाळेतून..."

"खोटं!" मामा म्हणाले. "शाळेच्या बाईंचा आवाज मी झोपेतही ओळखतो. तुम्ही त्या नव्हेत."

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. गेला तो गोडवा खड्ड्यात. "अहो गॅरेजवाले, मीच आहे! शाळेतून बोलतेय!"

मामांचा आवाज एकदम बारीक झाला, "हां बाई. काय केलं तिनं? कुणाला मारलं?"

"कुणालाही मारलं नाही! खबरदार फोन ठेवलात तर! काल मैदानावर दोघी एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या. तुमची भाची मध्ये शिरली आणि भांडण सोडवलं. दोन्हीकडून मार खाल्ला, उलटून एक चापट दिली नाही. वर दोघींना नळावर नेऊन तोंडं धुवायला लावली. ऐकलंत?"

"आमच्याच भाचीबद्दल बोलताय ना?"

"मग? दुसरी आहे का तुम्हाला?"

"थांबा, स्पीकरवर टाकतो. अरे, ते ठोकणं बंद करा! हं बाई, पुन्हा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं, टेबलावर हात आपटून, दुप्पट मोठ्यानं. पलीकडे एकच कल्ला उठला. कुणी शिट्टी मारली, कुणी दुरुस्तीला आलेल्या गाडीचा हॉर्न दाबून धरला, आणि इकडे बाई हसून हसून लाल झाल्या.

मग मामांनी स्पीकर बंद केला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम जवळ आला. "बाई, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. पण तुम्ही आजवर पोरीबद्दल जे जे वाईट सांगितलंत, ते सगळं खरं निघालं. म्हणजे हेही खरंच असणार."

बाईंनी फोन कानाशी तसाच धरून पदर डोळ्यांना लावला. समोर बसलेल्या मोठ्या बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी जोरजोरात मान हलवली, हे काम आपलं नव्हे म्हणून, आणि त्या सरळ लायब्ररीकडे चालू लागल्या.

"हॅलो? बाई?" मामा घाबरले. "काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे हो," बाई नाक ओढत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत फोनवर मला कुणी चांगलं सांगितलं नव्हतं. सवय नाही, म्हणून जरा वेळ लागतोय."