दीर्घिकेच्या नावे तातडीचा अर्ज

कोरेगावच्या तहसील कचेरीसमोर मी गेली पंचवीस वर्षे अर्जलेखनाचा व्यवसाय करीत आहे. शिक्षण नववीपर्यंतचे, तथापि माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याचे धाडस आजवर एकाही कारकुनाने केलेले नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे.

पत्नीच्या पश्चात घरी मी एकटाच असतो. मुलगी पुण्यास खगोलशास्त्रात संशोधन करते. तिला बोलवायचे झाल्यास मी एखादा कागद काढतो. कधी वारस नोंद, कधी संमतिपत्र. 'तुझी सही आवश्यक आहे' असे कळवले की ती येते. गेल्या माघात अशीच चार दिवसांसाठी आली. शेवटच्या दिवशी आम्ही दोघे आष्ट्याला माझ्या बहिणीकडे जाणार होतो.

दुसऱ्याच सकाळी, चहा घेताना, तिचा फोन वाजला.

"अप्पा, माझी दीर्घिका भडकली!"

तिने समजावले ते असे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या त्या दीर्घिकेच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याच्या जवळून प्रखर झोत निघतात. तिकडून येणारे गॅमा किरण एकाएकी वाढल्याचे अवकाशातील एका दुर्बिणीने टिपले होते. क्ष-किरण पाहणारी दुसरी दुर्बीण तिकडे वळवायची, तर तातडीने अर्ज करावा लागतो. हे किरण आपल्या हवेतून खाली पोचतच नाहीत. म्हणून दुर्बिणी वर.

अर्ज म्हटल्यावर मी चष्मा लावला. तिने लॅपटॉपवरील मजकूर मराठीत सांगितला. ना मायना, ना 'सविनय'. वर एक वाक्य असे, की ही वाढ का झाली ते आम्हाला माहीत नाही.

"हे खोड. अर्जदारानं अज्ञान कबूल केलं की अर्ज फेटाळलाच समज."

"अप्पा, माहीत असतं तर दुर्बीण कशाला मागितली असती?"

वाक्य तसेच गेले. जेवणाची पाने घेण्याआधी मंजुरी आली. माझ्या हातचा एकही अर्ज इतक्या त्वरेने मंजूर झालेला नाही. पुढील काम पुण्यातच होणार होते. दुपारच्या एसटीत चढताना तिने विचारले,

"सही कुठं करायची होती?"

"राहू दे. पुढच्या वेळी."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी एक वृद्ध मेंढपाळ अर्जासाठी आले.

"आवं रायटर, पोरगी गेली व्हय? चार दिस ऱ्हानार हुती न्हवं?"

"तातडीचं काम निघालं. एक फार लांबची वस्तू पाहायची होती."

"लांबचं लय झ्याक दिसतंय म्हना की पोरीला!"

ते हसले. मी त्यांचा अर्ज पुरा केला.

ते गेल्यावर कोरा कागद घेतला. विषय: घरी येणेबाबत. खाली लिहिले, 'तुझ्या सहीची आवश्यकता नाही. तरी यावे.' कारण लिहिले नाही. असा अर्ज मी कोणालाही करू दिला नसता. कागदाचा फोटो काढून तिला पाठवला.

पोचल्याची खूण आली आहे. वाचल्याची अद्याप नाही.