सिमेंटची खाट

आमच्या घरात मेंढरं होती तोवर खाट कुणाला लागली नाही. कळप बसेल तिथं घोंगडी अंथरायची. पुढं वडिलांनी मेंढरं विकली आणि बारामतीत स्लॅब टाकणाऱ्या टोळीत काम धरलं. तिथं त्यांना एक वेगळाच छंद लागला. कामावर उरलेलं सिमेंट, बारीक खडी, सळईचे तुकडे ते मालकाला विचारून सायकलवर गावी, कन्हेरीला आणत आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून काहीबाही घडवत.

करवंटीत कालवलेल्या सिमेंटचा माल ओतून त्यांनी दिवे केले. दगडासारखे जड, पण आतून वाटीसारखे गुळगुळीत. एका भाऊबीजेला आत्यासाठी मणी केला. पांढऱ्या सिमेंटात निळसर दगडाची चूर घालून, कितीतरी दिवस घासून चकचकीत केलेला. आत्या सांगवीला दिली होती. काळ्या दोऱ्यातला तो मणी ती डोरल्याच्या खाली घालायची आणि शेजारणींना सांगायची, "दादाला सोन्याचं जमंना, म्हणून सिमिटाचं केलंय. चोर बी न्हेत न्हाय!"

घर बांधलं तेव्हा वडिलांनी कोपऱ्यात आपली खाटही ओतून घेतली. तीन बाजूंना विटांचा आधार, वर सळई घातलेला स्लॅब, कडा गोल केलेल्या, उशाशी दिवा ठेवायला खळगा. वरून इतकी घोटली होती की हात फिरवावासा वाटे. आत्यानं ती पहिल्यांदा पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

"दादा, जितेपणीच थडगं बांधलंस व्हय रं?"

"बसून बघ की. झोप लागली तर तुलाबी एक बांधतो."

खालच्या पोकळीत आम्ही कांदे ठेवायचो. एकदा तिथून नाग निघाला, तेव्हा वडिलांनी समोर विटा लावून पोकळीचं तोंड बंद केलं आणि गिलावा केला. मग ती खाट भरीव ओट्यासारखी दिसायला लागली.

लांबलेल्या आजारपणात त्या खाटेवरच ते गेले. आमच्याकडे जीव जायच्या वेळी माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. प्राण अधांतरी जाऊ नये म्हणून. मी तेव्हा इंदापूरच्या एका शाळेत शिकवत होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. दुपारी त्यांचा श्वास बदलला. शेजारचे तात्या दारातूनच म्हणाले, "मास्तर, खाली घ्या आता त्यास्नी."

"थांबा जरा. आत्ताच डोळा लागलाय," मी म्हणालो.

डोळा लागला नव्हता, हे मला दिसत होतं. पण खाली घ्यायचं म्हणजे आशा सोडायची. ते माझ्या हातून होईना. तात्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा थांबा म्हणालो, आणि त्यातच सगळं संपलं.

आत्या संध्याकाळी पोचली. रडून झाल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "खाली घेतलं हुतं न्हवं?"

मी मान हलवली. नाही.

ती खाटेकडं बघत राहिली. जीव गेला त्या जागी पीठ पसरून दिवा लावायचा असतो. तो कुठं लावायचा, हे तिला ठरवायचं होतं. खाटेवर लावला, तर भाऊ अधांतरी गेला हे तिनं स्वतःच्या हातानं मान्य केल्यासारखं होणार होतं.

"कांदं ठेवायची जागा," ती म्हणाली. "दादानं नुसतं तोंडच बुजवलं, का आतनं भरून घेतली?"

"भरून घेतली," मी म्हणालो. "मुरूम टाकून."

तिनं बोटाच्या पेरानं स्लॅबवर टकटक केली. माझ्या तोंडाकडं बघितलं. "म्हंजे भुईच की," ती म्हणाली आणि खाटेवरच पीठ पसरलं. करवंटीच्या साच्यातला दिवा ठेवून वात दक्षिणेकडं केली. दहाव्यापर्यंत ती त्या दिव्यात तेल घालत होती आणि मी शेजारी बसून बघत होतो.

नंतरच्या वर्षांत ती उन्हाळ्यात चार दिवस राहायला यायची आणि त्याच खाटेवर झोपायची. ती झोपली की मला खालची पोकळी आठवायची. खरं सांगावं म्हणून मी कितीदा तरी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि पिकापाण्याचं बोलून उठलो.

मग ती आजारी पडली. मला माहेरी न्या, असा तिनं हट्ट धरला. तिला आणायच्या आधी मी वडिलांनी समोर लावलेल्या विटा काढल्या आणि मुरूम टाकायला सुरुवात केली. घमेलं ओतायचं, काठीनं ठासायचं, पुन्हा ओतायचं. तात्या येऊन बघून गेले. आत हात घातला तेव्हा कांद्याची वाळलेली सालं हाताला लागली. वडिलांच्या पाठीखाली इतकी जागा रिकामी होती. आत्यापुरती ती भरत होती. वडिलांसाठी आता काही करता येणार नव्हतं. भरून झाल्यावर विटा लावून गिलावा केला.

आत्याला खाटेवर निजवलं. तिनं हात गोधडीबाहेर काढला आणि पेरानं टकटक केली.

"आता भरलीस व्हय?"

मी तिच्या पायांवरची गोधडी सारखी करू लागलो.

"मला तवाच कळलं हुतं. पोकळ वाजत हुती. तुझं त्वांड बघवंना, म्हणून गप बसले."

"मग दिवा वर का लावलास?"

"कुठं लावायचा मग? त्यो हितंच गेला न्हवं का."

इतकी वर्षं हे तिनं एकटीनं जवळ ठेवलं होतं. आणि मला वाटत होतं की मीच काहीतरी झाकून ठेवलंय.

"माझ्या वक्ताला मातर खाली घे," ती म्हणाली. "कितीबी मुरूम भर, ही खाटच हाय. थांबा म्हणू नगंस."

तिचा श्वास बदलला तेव्हा तात्यांनी सांगायची वाट मी पाहिली नाही. भुईवर घोंगडी अंथरली आणि तिला उचललं. तिच्या गळ्यातला सिमेंटचा मणी घरंगळून माझ्या मनगटावर आला, गार. ती फार हलकी होती. वडीलही तेवढेच हलके झाले असतील. एकट्यानं उचलता आलं असतं.