ह्यांचं नाव सेन्सेईंच्या वहीत

चहा न घेणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. कॉफी नाही, आपला चहा नाही, इथला तो हिरवा चहासुद्धा नाही. "आमच्या धर्मात वर्ज्य आहे," सेन्सेई म्हणाले. मग मी काय पुढे करू, माझं डोकं? शेवटी भाजलेल्या जवाचं गार पाणी मिळतं इथे, ते त्यांना चाललं.

हे सेन्सेई, जपानीत गुरुजी, म्हणजे जावयाच्या इथल्या विद्यापीठात धर्मग्रंथ शिकवणारे अमेरिकन गृहस्थ. साठीचे, मॉर्मन पंथाचे. तरुणपणी वर्षभर पुण्यात राहून मराठी शिकलेले, पण अगदी क्रमिक पुस्तकातली. "आपण क्षेमकुशल आहात ना, आजी?" नातीचं ऐकून तेही मला आजीच म्हणत, आणि माझ्यात नि त्यांच्यात अंतर किती, तर आठ वर्षांचं!

दर शनिवारी ते कावासाकीहून आमच्या ओजिमाच्या घरी येत, माझ्याकडून स्तोत्रं ऐकायला. छापलेलं संस्कृत पुष्कळ वाचलंय, घरात म्हटलेलं ऐकायचंय, असं त्यांचं म्हणणं. मी सातवी शिकलेली बाई, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर. स्तोत्रं मला ह्यांनी शिकवली, मी पोळ्या लाटत असताना, ओट्याला टेकून. हे गेले आणि लेकीने मला जपानला आणलं. तो मोठा भूकंप, त्सुनामी नि अणुभट्टीचा स्फोट, त्याला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. टीव्हीवर रोज सांगत, नळाचं पाणी चांगलं आहे. एवढं रोज सांगावं लागतं, म्हणूनच मला शंका. पलंगाखाली लेकीने विकतच्या पाण्याच्या बाटल्या रचून ठेवल्या होत्या, मी त्यातलंच पीत असे. लेक चिडायची. "आई, त्या पुढच्या भूकंपासाठी आहेत!"

एकदा मी सेन्सेईंना मुद्दाम टोचलं. "तुमच्या ग्रंथात प्रलय आहे ना? मग ही त्सुनामी कुणाच्या पापाची?"

पेला खाली ठेवून म्हणाले, "शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरलं की जो लगेच ग्रंथ उघडून कारण सांगतो, त्याचा मला फार संशय येतो, आजी."

"आणि सरकारचा?"

"त्यांचे आकडे मी नीट वाचतो. मग पाणी पितो."

"उकळून?"

"आजी, ते उकळून जात नाही."

हसले मी. पण मनात म्हटलं, बोलायला गोड आहे, म्हणजे जपूनच राहायला हवं.

पितृपक्ष जवळ आला होता आणि मला एकच घोर लागला होता. आम्हाला मुलगा नाही. पहिल्या वर्षी दिराच्या मुलाने ह्यांच्या नावाने पाणी सोडलं. यंदा फोन केला तर म्हणतो, "काकू, आता हे सगळं कोण करतं?" मी फोन ठेवला. आता ह्यांचं नाव घेऊन पाणी कोण देणार?

हे मी सेन्सेईंना सांगितलं, कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून. ते सावरून बसले. म्हणाले, आमच्यातही मेलेल्यांसाठी पाणी आहे. जिवंत माणूस मृताच्या जागी पाण्यात उभा राहतो, मृताचं नाव उच्चारतात, आणि त्याला बुडवून बाप्तिस्मा देतात. स्वीकारायचा की नाही, ते त्या मृताने ठरवायचं. आणि लगोलग विचारलं, "आपल्या यजमानांचं नाव काय?"

अंगावर काटा आला माझ्या. एक तर अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला, उखाण्याबाहेर नाव घेतलं नाही. त्यात हे ऐकल्यावर! "तुम्हाला कशाला हवंय?" म्हटलं, आणि पेले उचलून आत गेले.

पुढच्या शनिवारी ते हात धुवायला गेले, वही उघडी राहिली. मी वाकून बघितलं. ह्यांचं नाव! वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, छान गोलाईदार अक्षरात.

नातीला हाक मारली. नऊ वर्षांची पोर. "ओजीचानचं, आजोबांचं नाव? मीच सांगितलं. त्यांनी विचारलं." मग माझा चेहरा बघून हळूच, "दामे?" म्हणजे चालत नाही का?

"नाही चालत!" मी सेन्सेईंपुढे वही धरली. "ह्यांना तुमच्या पाण्यात उतरवणार होतात? न विचारता?"

त्यांचा चेहरा पडला. "नाही, आजी. आम्हाला फक्त आपल्याच पूर्वजांची नावं द्यायची परवानगी आहे. पण मुलीला विचारलं, ते चुकलंच."

"मग लिहिलंत कशाला?"

"आपण ते सायंकाळचं स्तोत्र म्हणता, त्यात तिसऱ्या ओळीत मध्येच थांबता. दुसरं कुणी तिथे थांबत नाही. यजमानांनी शिकवलं म्हणालात. ही कुठली परंपरा असेल, म्हणून शोधतोय. ज्यांच्याकडून आली त्यांचं नाव द्यायला हवं ना?"

"अहो, परंपरा कसली! दमा होता त्यांना. तिथे धाप लागायची."

आणि बोलता बोलता माझं मलाच कळलं. ते थांबायचे, म्हणून मीही थांबते. छाती धडधाकट असून इतकी वर्षं थांबतेय, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सेन्सेईंनी वहीतलं ते पान फाडलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मी ते घडी घालून चहाच्या डब्यात ठेवलं. तिथे त्यांचा हात जायचा नाही. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं असेल, तर देव जाणे. एवढा विश्वास मी कुणावरच टाकत नाही.

सर्वपित्रीला सकाळी ताम्हन घेऊन गॅलरीत बसले. काळे तीळ इथल्या दुकानात मिळतात. बायकांनी करावं की नाही, हे सांगायला इथे कोण येणार होतं? पान उघडून समोर ठेवलं. तेच सायंकाळचं स्तोत्र म्हणताना तिसऱ्या ओळीत थांबले, ह्यांची धाप ओसरायला लागायचा तेवढा वेळ. मग ह्यांचं नाव घेतलं, मोठ्याने, वडिलांच्या नावासकट, आणि ओंजळ सोडली.

दारात नात उभी होती. "आजी, बाटली फोडलीस? भूकंपाची? आई ओरडेल."

"ओरडू दे," मी म्हटलं. "नळाचं देऊ होय ह्यांना?"