आचऱ्याची बुलेट मस्कतात

भिकाजी तारी मस्कतच्या एका गोदीत बावीस वर्षं इंजिन फिटर होते. या बावीस वर्षांत त्यांनी तिथला समुद्राकाठचा रस्ता रोज दोनदा पाहिला, पण कंपनीच्या बसच्या जाळीच्या खिडकीतून. पहाटे साडेपाचला बस कामगारांच्या कॅम्पमधून निघायची. एका अंगाला उघडे डोंगर, दुसऱ्या अंगाला निळं पाणी, मध्ये गुळगुळीत रस्ता. कामगाराने स्वतःची गाडी घेऊन तिथे जावं, असे ते दिवस नव्हते.

२०१३ मध्ये ते आचऱ्याला कायमचे परतले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी नवी बुलेट घेतली. आमची घरं शेजारी. गाडीला हार घालून झाल्यावर कुंपणापलीकडून मला म्हणाले, "भाई, ही गाडी घेवन एकदा त्या रस्त्यार जातलंय." मी हसलो. पेढा मात्र खाल्ला.

गाडीची त्यांनी जी निगा राखली ती होडीची राखावी तशी. आमच्याकडे खारा वारा लोखंडाला दोन वर्षांत खातो. होडीच्या लाकडाला दरवर्षी काजूच्या टरफलांचं तेल आणि मोरी माशाचं तेल एकत्र करून चोपडतात. भिकाजी तेच मिश्रण दर मे महिन्यात बुलेटच्या सांगाड्याला चोपडायचे. गाडीला गंजाचा ठिपका नव्हता, पण वास असा की त्यांच्या पत्नी मथुराबाई तिच्यावर बसत नसत. "साडयेक डाग पडतत आणि मांजरां पाठसून येतत," असं त्यांचं म्हणणं.

पुढे त्यांची मुलगी प्राजक्ता मस्कतच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेत लागली. गेल्या हिवाळ्यात तिने आईवडिलांना महिनाभरासाठी बोलावलं, तेव्हा भिकाजींनी जुना विषय काढला.

"बाबा, इथे बाईक भाड्याने मिळते," प्राजक्ता फोनवर म्हणाली.

"भाड्याच्या गाडयेर बसान फोटो काढूचो तर थंय कित्या येवक होया? मालवणात पर्यटक रोज काढतत."

मथुराबाई आतून ओरडल्या, "बावीस वर्सां माका मस्कत दाखवक नाय, आता गाडयेक दाखवतत!"

वाणिज्य शाखेचं शिक्षण आणि कोषागारात तेहतीस वर्षं बिलं तपासण्याची नोकरी, यामुळे गावात कागद अडला की लोक माझ्याकडे येतात. भिकाजीही आले. चौकशी केल्यावर कळलं की माणसाच्या पासपोर्टसारखंच गाडीचंही एक पुस्तक असतं. त्याला कार्नेट म्हणतात. गाडी देशातून निघताना, दुसऱ्या देशात शिरताना आणि परत येताना त्यावर शिक्के पडतात. गाडी तिकडे विकणार नाही, परत आणणार, याची ती हमी. ओरोसच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय लायसन्स काढलं, मुंबईहून कार्नेट आलं. चेसिस नंबर, इंजिन नंबर, नावाचं स्पेलिंग, सगळं मी नोंदणी पुस्तकाशी तीनदा ताडून पाहिलं. फाइलला अनुक्रमणिका लावली. कागदात चूक निघणार नाही याची मला खात्री होती, आणि ती निघालीही नाही.

जानेवारीत बुलेट काथ्याच्या दोरांनी टेम्पोत बांधून आम्ही दोघे न्हावाशेवा बंदरात गेलो. आमच्या कंटेनरचं दार दुपारी चारला बंद होणार होतं. पुढचं जहाज तीन आठवड्यांनी, म्हणजे यांची परतायची वेळ आल्यावर. आज गाडी गेली नाही तर ती जाणारच नव्हती.

कस्टमचे अधिकारी तरुण होते. त्यांनी फाइल चाळली, मान डोलावली आणि गाडीपाशी जाऊन हँडलखालच्या नळीवर टॉर्च मारला.

"चेसिस नंबर कुठे आहे?"

"तिथेच आहे, साहेब," भिकाजी म्हणाले.

तिथे काळा, चिकट, बोटभर जाडीचा थर होता. बारा वर्षांचे बारा हात. तीनदा कागद तपासणाऱ्या मला एकदाही गाडीकडे वाकून पाहावंसं वाटलं नव्हतं.

"हे काय फासलंय?"

"होडीचं तेल."

"होडीचं? मोटरसायकलला?" अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला. "पुस्तकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर मी डोळ्यांनी जुळवल्याशिवाय शिक्का मारणार नाही."

टेम्पोवाल्याने पान्यांच्या पेटीतून पोलादी पट्टी काढली. अधिकारी लगेच म्हणाले, "पट्टी नको. आकड्यांवर एक जरी ओरखडा दिसला तर नंबरशी छेडछाड केली असं लिहावं लागेल."

अडीच वाजले होते. माझ्या हातातल्या फाइलला काही अर्थ उरला नव्हता. मी म्हटलं, "दादानू, आता?"

भिकाजी गाडीकडे बघत होते. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "वायच डिझेल दी रे." बुलेटला बांधलेल्या काथ्याच्या दोराचं एक टोक त्यांनी दाताने उसवलं, त्याची मूठभर जटा पिंजली, डिझेलमध्ये बुडवली आणि थरावर दाबून धरली. दहा मिनिटं नुसती दाबून. टेम्पोवाला म्हणाला, "काका, घासा की."

"मेल्या, होडी कधी साफ केलंस? आदी भिजाक होया."

मग ते घासू लागले. लहान गोल, पुन्हा डिझेल, पुन्हा गोल. काथ्या काळा झाला की फेकायचा, नवा पिंजायचा. थर आधी तपकिरी झाला, मग मधासारखा ओघळला. काजूच्या टरफलांच्या जहाल तेलाने बोटांची सालं निघू लागली. मी हातरुमाल पुढे केला, तर म्हणाले, "तो फाइल पुसूक ठेय."

साडेतीनला पहिला आकडा दिसला, पावणेचारला शेवटची अक्षरं. अधिकारी टॉर्च घेऊन वाकले. मी पुस्तकातला नंबर मोठ्याने वाचत गेलो आणि ते एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. सगळे जुळले.

ते उठले नाहीत. आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. "कधीची गाडी?"

"दोन हजार तेराची."

"समुद्राकाठच्या इतक्या गाड्या बघतो. निम्म्यांचे नंबर गंजाने खाल्लेले असतात, त्या परत पाठवाव्या लागतात. हा तर काल ठोकल्यासारखा आहे." मग हसून म्हणाले, "वास मात्र जहाजभर जाणार."

चारला पाच मिनिटं असताना शिक्का पडला. भिकाजींनी मला मिठी मारली. माझा शर्ट गेला.

गाडी मस्कतला पोचल्यावरचं सगळं मी प्राजक्ताने पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं. ती पुढच्या वळणावर फोन धरून उभी होती. सकाळचं कोवळं ऊन, तोच रस्ता, आणि एमएच ०७ ची, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाची पाटी लावलेली बुलेट धडधडत येते. मागे मथुराबाई, कमरेला पदर खोचून, जुनी साडी नेसून. मागून कंपनीची पांढरी बस येते. जाळीच्या खिडक्यांतून डोकी. बस शेजारी येते, आणि एक जण पाटी बघून जाळीला तोंड लावून ओरडतो:

"ओ काकानूऽ! गाडी खंयची?"

भिकाजींना उत्तर द्यायला मिळालंच नाही. मथुराबाईंनी एक हात त्यांच्या खांद्यावरून काढला, हवेत उंच केला आणि ओरडल्या, "आचऱ्याची! आमचीच आसा!"

बस मागे पडली.