बेलिफभाऊंची खळ

कोणाच्याही घरी गेले की बेलिफभाऊ आधी दारावरून अंगठ्याचं नख फिरवत, मगच आत पाऊल टाकत. नोकरी सुटली तरी हात ड्युटीवरच असलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. भाऊ मूल गावच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स घ्यायला कोणी पुढे आलं नाही की दोन पंचांसमोर ते दारावर डकवायचं, हे त्यांचं काम. मैद्याची खळ स्वतः शिजवत. "मी लावलेला कागद फाटते, पण निघत नाई," हे दर भेटीत एकदा तरी ऐकावं लागे.

निवृत्तीनंतर ते मोहर्लीला मुलीकडे राहायला आले आणि सकाळचा चहा माझ्या हॉटेलात घेऊ लागले.

"भाऊ, रंग खरवडून राह्यले ना तुमी!" मी ओरडायची.

"दार बोलते बाई. जुनी खळ नखाले लागते. लागली, का त्या माणसाशी व्यवहार नाई."

सफारीच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं हॉटेल. नवरा गेल्यावर त्याच चहावर मी घर चालवलं. पर्यटकांना ओळखीचा बोर्ड लागतो, म्हणून नागपूरच्या एका चहाच्या कंपनीची फ्रँचायझी घ्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, अंगाला सेंटचा भपकारा आणि दर वाक्यात "मॅडम, आता आपण फॅमिली." मला असल्या चिकट माणसांचा तिटकारा आहे. तरी मी पेंटरला बोर्डाचं माप घ्यायला बोलावलं होतं, हे लपवत नाही.

त्याने दिलेला करार मी भाऊंपुढे धरला, तर त्यांनी तो हातातही घेतला नाही. "कागद तर त्यायनंच लिवला. दार पाह्यल्याशिवाय सही करू नको."

एसटीने आम्ही नागपूरला गेलो. ऑफिसचं दार काचेचं निघालं. भाऊंनी नख फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. "काचीवर काई राह्यत नाई." दिवस फुकट गेला म्हणून मी चिडले. पण भाऊ दारावरच्या गार्डकडे वळले.

"काऊन गा, इथी कोर्टाचे कागद येतेत का?"

"येतेत ना. लावणारा खाली उतरला का साहेब पुसाले लावते."

त्याने जिन्याखालची बादली दाखवली. तळाशी ओल्या कागदांचा लगदा होता. शिळ्या भातावरच्या बुरशीसारखा.

तिथून कोर्टात. भाऊंच्या ओळखीच्या कारकुनाने कंपनीच्या नावावरचे दावे शोधून दिले. लोकांनी कंपनीवर केलेले होतेच. कंपनीनेही केलेले होते, दुकान परवडेना म्हणून बोर्ड उतरवलेल्यांवर. मग मी तिथल्याच बाकावर करार शेवटपर्यंत वाचला. फ्रँचायझी सोडली तर तीन वर्षं त्या गावात चहा विकायचा नाही, आणि तंटा झाला तर तो नागपूरच्या कोर्टातच. म्हणजे माझ्याच हॉटेलात माझा चहा बंद. इतके दिवस हा कागद माझ्या कपाटात होता. कंपनीइतकीच मला माझीही किळस आली.

कंपनीने दावा केलेल्यांच्या यादीत मूलजवळच्या खेड्यातली एक बाई होती. ते नाव वाचून भाऊंनी चष्मा काढला.

"नागपूरचं हे समन्स मूलले आलं, ते मीच लावलं होतं."

परतताना वाट वाकडी करून ते त्या गावी उतरले, मीही उतरले. त्या बाईची चहाची टपरी पालथी पडलेली, ती स्वतः राइस मिलमध्ये मजुरीला जात होती. दारावर कागदाचा पिवळा चौकोन तसाच होता. भाऊ रुमाल ओला करून तो घासायला लागले. कागदाच्या चिंध्या निघाल्या, खळ निघेना. मग नखांनी.

बाई उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. "आता काऊन खरवडता भाऊ? त्या दिवशी तर हातानं थापटू थापटू कागद बसवला. पंच बी माझेच गिऱ्हाईक आनले."

"चुकलं बाई."

"तुमचं कुठी चुकलं? काम तर पक्कंच केलं तुमी."

भाऊंनी नखांत भरलेली खळ रुमालाला पुसली.

दुसऱ्या दिवशी कंपनीवाल्याचा फोन आला. दाव्यांचं विचारलं तर हसला. "मॅडम, केसेस मोठ्या कंपन्यांवरच असतात." मी म्हटलं, "फॅमिलीवर बी करता ना तुमी?" आणि फोन ठेवला. पेंटरकडून जुन्याच बोर्डाला रंग मारून घेतला.

त्यानंतर भाऊ सरळ आत येऊन बसत. दाराकडे पाहतसुद्धा नसत. "खळ" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

तांदूळ आणायला मी मूलला जाते तेव्हा बस त्या गावावरून जाते. बाईने दाराला निळा ऑइलपेंट दिला आहे. रंगाखालून तो चौकोन वर आलेला, रस्त्यावरूनही दिसतो.